हात लहान की मूठ मोठी? १-ए, ग्लॉक १७ आणि एका मॅडमची केस

ही केस माझ्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांतली. मी पोलिसात आर्मोरर होतो. कोतातली, म्हणजे शस्त्रागारातली, हत्यारं सांभाळायची, साफसफाई, बारीकसारीक रिपेअर, आणि फायरिंगचे दिवस आले की रेंजवर उभं राहून पोरापोरींना शिकवायचं, त्यामुळे लहानमोठे सगळे उस्ताद म्हणायचे. युनिट कुठलं ते लिहीत नाही, खान्देशातलं एवढं पुरे. जिची केस आहे तिला पण नुसतं मॅडम म्हणतो, कारण त्या आज चांगल्या पोस्टवर आहेत आणि हे वाचून हसतीलच.

मॅडम नव्या पीएसआय, नाशिकच्या अकादमीतून पास होऊन आलेल्या. उंची जेमतेम, हात बारीक, पण धावण्यात भल्याभल्यांना मागे टाकायच्या. पहिल्या फायरिंगला त्यांना ग्लॉक १७ दिलं होतं, १५ मीटरवर माणसाच्या आकाराचं फिगर टार्गेट, १० राऊंड. पुठ्ठ्यावर लागले ६, आणि ते सहाच्या सहा डावीकडे खाली, टार्गेटच्या खिशाच्या जागी. बाकीचे बटाच्या, म्हणजे टार्गेटमागच्या ढिगाऱ्याच्या, मातीत. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळी तेच. साहेब म्हणाले उस्ताद यांच्याकडे जरा बघा. मी बघितलं म्हणजे काय केलं, तर जे सगळे उस्ताद करतात तेच केलं, मागे उभा राहून म्हणत राहिलो, मॅडम घाबरू नका, आवाजाकडे लक्ष देऊ नका, ट्रिगर झटकू नका, मन घट्ट करा. दोन महिने हे चाललं. त्या बिचाऱ्या मन घट्ट करून डावीकडे खालीच मारत होत्या.

एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या, "उस्ताद, नाशिकला माझं फायरिंग बरं होतं हो." मी मान हलवली. असं सगळेच म्हणतात, नाशिकला सगळ्यांचंच चांगलं असतं. पण माझ्या हातून चूक झाली ती नेमकी इथं, कारण पुढचा प्रश्न मी विचारायला पाहिजे होता आणि तो विचारायला मला अजून तीन आठवडे लागले : नाशिकला कुठल्या पिस्तुलानं?

उत्तर होतं १-ए नं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन्ही पिस्तुलांबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. १-ए म्हणजे पिस्तूल ऑटो ९ एमएम १-ए, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं, आपल्या फौजेत आणि पोलिसात वर्षानुवर्षं चाललेलं. मूळ डिझाइन ब्राउनिंग हाय पॉवरचं. जॉन ब्राउनिंग हे काम अर्धवट सोडून १९२६ साली बेल्जियममधे वारला, मग तिथल्याच कारखान्यातल्या द्योदोने साईव्हनं ते पूर्ण केलं आणि १९३५ ला ते आलं. १३ राऊंडचं दुहेरी मॅगझीन (काडतुसं दोन ओळींत), सगळं पोलादी, रिकामं असताना वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात हेच पिस्तूल कॅनडात बनत होतं, आपलं १-ए त्याच घराण्यातलं. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाचं, १९८२ ला त्यांच्या फौजेनं घेतलं, फ्रेम प्लास्टिकची म्हणजे पॉलिमरची, १७ राऊंड, रिकामं ६३० ग्रॅमच्या आसपास. बाहेर घोडा, म्हणजे मागचा हॅमर, नाही, अंगठ्यानं लावायची सेफ्टी नाही, सगळ्या सेफ्ट्या आतमधे आणि एक ट्रिगरच्याच मधोमध. काडतूस दोघांचं एकच, ९ बाय १९. लांबीत पण फार फरक नाही, दोन्ही २० सेंटीमीटरच्या आजूबाजूला. म्हणजे कागदावर बघितलं तर सारखीच, पण हातात घेतली की जमीन-अस्मानाचा फरक.

कोतात आमचे आप्पा हवालदार होते, शिंदखेड्याकडचे, बोलणं पक्कं अहिराणी. मी त्यांना म्हटलं आप्पा, मॅडमसाठी एक १-ए काढा. आप्पा म्हणे, "उस्ताद, मॅडमना हात धाकला शे, नि ते लोखंड ईतलं जड, आते काय करशी?" सगळ्यांचा हाच समज, मॅडमचा हात लहान म्हणून हलकं पिस्तूल बरं. मलाही तेच वाटायचं, खोटं कशाला बोलू. ग्लॉक त्यांना दिलंच मुळी हलकं आहे म्हणून.

तर त्या दिवशी रेंज नाही, राऊंड नाही, कोतासमोरच्या लिंबाखाली टेबल टाकलं आणि दोन्ही पिस्तुलं ठेवली. आधी मॅगझीन बाहेर, स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे, चेंबर (काडतूस बसायची जागा) डोळ्यानं आणि बोटानं पण बघायचं, आणि हे मी बघितल्यावर मॅडमनी परत बघायचं. राऊंडची पेटी दुसऱ्या खोलीत कुलपात. हे कंटाळवाणं वाटतं पण हत्यार हाताळताना ज्याला कंटाळा येतो त्यानं दुसरं काम बघावं.

पहिली तपासणी. मॅडमना म्हटलं उजव्या हाताचं बेचकं, म्हणजे अंगठा आणि पहिल्या बोटामधली जागा, मुठीच्या मागे जितकं वर जाईल तितकं वर घट्ट बसवा, पिस्तुलाची नळी मनगट ते कोपर या रेषेत सरळ ठेवा, आणि मग, पकड अजिबात न हलवता, बोट ट्रिगरवर न्या. बोटाचं कुठलं पेर ट्रिगरवर येतं ते मला बघायचं होतं. १-ए वर पहिल्या पेराचा मधला गुबगुबीत भाग बरोबर ट्रिगरवर बसला, जिथं बसायला पाहिजे तिथंच. ग्लॉकवर नखाच्या खालची नुसती टोकाची कड टेकत होती. आणि ती टेकवण्यासाठी मॅडमनी स्वतःच्याही नकळत काय केलं होतं, तर पकड फिरवली होती, मूठ तळहातातून सरकवून अंगठ्याच्या बुडाच्या हाडावर आणली होती. म्हणजे नळी एकीकडे आणि हात दुसरीकडे. असं धरलं की बोट ट्रिगर सरळ मागे ओढत नाही, बाजूनं ढकलतं, आणि उजव्या हातानं मारणाऱ्याचा राऊंड डावीकडे जातो. वर रिकॉइल, म्हणजे मागचा धक्का, सगळा त्या एका हाडावर बसतो, चार-पाच राऊंडनंतर तिथं दुखायला लागतं, मग पुढच्या राऊंडच्या आधी माणूस आपोआप नळी खाली दाबतो. डावीकडे आणि खाली. दोन महिने मी जे मनाचं दुखणं समजत होतो ते हाताचं निघालं, हे कळल्यावर मला इतकं ओशाळल्यासारखं झालं ना, काय सांगू.

फूटपट्टीनं मॅडमचा हात मोजला, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६.५ सेंटीमीटर. लहान आहे, पण फार लहान नाही. आमच्याकडे शिपाई पोरांत पण असे हात असतात, फक्त ते तक्रार करत नाहीत आणि आपण मोजत नाही.

आता गंमत बघा, १-ए चं मॅगझीन दुहेरी, १३ राऊंडचं, तरी मूठ बारीक कशी? याचं उत्तर आतमधे आहे आणि मला स्वतःला हे डिझाइन फार आवडतं म्हणून जरा जास्त बोलतो, माफ करा. दुहेरी मॅगझीन म्हटलं की मुठीत जागा जाते, आणि ट्रिगरची ओढ मागच्या घोड्यापर्यंत पोचवणारी पट्टी मॅगझीनच्या बाजूनं न्यायची तर मूठ अजून जाड होते. हाय पॉवरमधे ती पट्टी बाजूनं नेलीच नाही, ट्रिगर वरच्या दिशेनं स्लाईडमधे बसवलेल्या एका छोट्या लिव्हरला उचलतो आणि त्या लिव्हरचं मागचं टोक खाली येऊन सिअर, म्हणजे घोडा अडवून ठेवणारा तुकडा, दाबतं. म्हणजे रस्ता वरून काढला, पुलावरून. त्यामुळे मुठीत फक्त मॅगझीन, बाहेर पोलादाचा पातळ पत्रा आणि दोन पातळ पट्ट्या. शिवाय सिंगल ॲक्शन, घोडा आधीच चढलेला, ट्रिगरला फार लांब जायचंच नाही, म्हणून ट्रिगर बोटाच्या जवळ ठेवता आला. पॉलिमरला पोलादाइतकं पातळ करता येत नाही, त्यात ग्लॉकमधे ४ राऊंड जास्त, म्हणजे मूठ भरणारच.

हा हाताचा प्रश्न जुनाच आहे बरं का. अमेरिकन फौजेच्या १९११ पिस्तुलाची पहिल्या महायुद्धानंतर हीच गोष्ट झाली, ४५ कॅलिबरचं ते दणकट पिस्तूल, पण सैनिकांच्या बोटाला ट्रिगर लांब पडायचा. मग १९२० च्या दशकात त्यांनी १९११ ए१ काढलं, त्यात ट्रिगर आखूड केला आणि ट्रिगरच्या मागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी खाच काढली, बोटाला जागा मिळावी म्हणून, आणि मागची शेपटी लांब केली घोडा हाताला चावू नये म्हणून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका फौजेनं मान्य केलं की पिस्तूल हाताला बसलं पाहिजे, आणि मी २ महिने मॅडमना मन घट्ट करायला सांगत होतो.

दुसरी तपासणी डोळे मिटून. टेबलापासून उभं राहायचं, डोळे बंद, रिकामं पिस्तूल समोरच्या भिंतीवरच्या खुणेकडे उचलायचं, मग डोळे उघडायचे आणि फोरसाईट, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेमाची खूण, कुठं आहे ते बघायचं. १-ए चं फोरसाईट पाचपैकी चार वेळा मागच्या बॅकसाईटच्या खाचेत. ग्लॉकची नळी पाचही वेळा आकाशाकडे. हे मॅडमचं एकटीचं नाही, ग्लॉकच्या मुठीचा कोन जास्त तिरका आहे, जुन्या पिस्तुलाची सवय असलेल्या जवळपास प्रत्येकाचं तसं होतं. माझंही होतं. पण हे सवयीनं जातं, बोटाची लांबी सवयीनं वाढत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एका पारड्यात टाकू नयेत.

इथवर १-ए एकदम भारी वाटतंय ना? थांबा. मग आम्ही स्लाईड ओढायला घेतली.

आमच्याकडे चेंबर रिकामं ठेवूनच पिस्तूल कंबरेला लावायचे, म्हणजे वेळ आली की काढा, स्लाईड ओढा, मग मारा. १-ए चा घोडा खाली असताना स्लाईड ओढायची म्हणजे स्लाईडची स्प्रिंग तर दाबायचीच, वर घोड्याची जाड स्प्रिंग पण त्याच ओढीत चढवायची. मॅडमना पहिल्या तीन वेळा अर्धवटच ओढली गेली. स्लाईड अरुंद, त्यावरच्या रेघा बारीक, आणि तेव्हा एप्रिलचा शेवट, जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, सकाळी दहालाच हाताला घाम. अंगठ्यानं आधी घोडा चढवला तर स्लाईड लोण्यासारखी येते, हा जुना उपाय, मी शिकवला, त्यांना जमला पण. पण घाईच्या वेळी ही एक जादा पायरी, आणि घाईत माणूस जादा पायरीच विसरतो. ग्लॉकची स्लाईड रुंद, चौकोनी, धरायला मांस आहे, आतमधे चढवायला वेगळा घोडा नाही. डाव्या हातानं स्लाईड धरून उजव्या हातानं मूठ पुढे ढकलायची, ओढायचं कमी ढकलायचं जास्त, असं दाखवलं तर मॅडमची पाचपैकी पाच वेळा पूर्ण आली.

१-ए ची सेफ्टी पण सांगायला पाहिजे. जुन्या नमुन्याची ती बारीक पाकळी, फक्त डाव्या बाजूला, खाली पाडायला अंगठ्याला पकड सोडून सरकावं लागतं. आणि ट्रिगर. मॅगझीन काढलं की ट्रिगर काम करत नाही अशी सोय त्यात आहे, मूळ फ्रेंच फौजेनं मागितलेली, आणि ती सोय चालते कशी तर ट्रिगरला जोडलेला एक तुकडा मॅगझीनच्या पुढच्या बाजूला घासत राहतो. म्हणून ट्रिगर खरखरीत, आणि बटण दाबलं तरी मॅगझीन स्वतःहून खाली पडत नाही, हातानं ओढावं लागतं. कोतातले काही १-ए इतके घासलेले होते की गुळगुळीत झालेले, काही मात्र रेतीवरून गाडी ओढल्यासारखे. ग्लॉकचं तसं नाही, सगळी एकसारखी, ओढ साधारण अडीच किलोची, गोड नाही पण पहिल्या राऊंडला जशी तशीच सतराव्याला.

आणि घोड्याचं चावणं. १-ए चा घोडा स्लाईडबरोबर मागे येताना बेचक्याचं मांस चिमटीत धरतो, आप्पांच्या हातावर तर कायमची खूण होती. आप्पांचा हात म्हणजे भरताच्या वांग्याएवढा. त्यांना वाटलं मॅडमचा नाजूक हात, रक्तच निघेल. एकदाही चावलं नाही. हात बारीक, बेचक्यात मांस कमी, घोड्याला धरायलाच काही मिळालं नाही. आप्पा हे बघून इतके नाराज झाले की विचारू नका.

मग रेंज. सकाळी साडेसहालाच गेलो, नंतर टेबलावर ठेवलेलं पोलाद हातात धरवत नाही. मला बोट आणि भीती यातलं नेमकं काय किती ते वेगळं करायचं होतं, म्हणून मॅगझीन मी भरली, मॅडमना पाठ करून उभं केलं, आणि प्रत्येक मॅगझीनमधे मधेच कुठेतरी एक-दोन डमी राऊंड टाकले. डमी आला की आवाज नाही, धक्का नाही, आणि नळी त्या क्षणी काय करते ते उघडं पडतं. ज्याला धक्क्याची धास्ती आहे त्याची नळी डमीवर पण टुणकन खाली जाते.

आधी ग्लॉक, जसं होतं तसं. ८ जिवंत, २ डमी. दोन्ही डमीवर नळी खाली गेली, चांगली बोटभर. ८ पैकी ५ पुठ्ठ्यावर, डावीकडे खाली. मग १-ए. ८ जिवंत, २ डमी. एका डमीवर नळी जागच्या जागी, दुसऱ्यावर थोडी हलली. ८ पैकी ८ पुठ्ठ्यावर, छातीच्या मधोमध, आप्पांचा पंजा ठेवला तर सगळे झाकले जातील एवढ्या जागेत. मॅडमनी पुठ्ठा बघितला, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. तेच वाईट वाटलं, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणजे भीती होती पण थोडी, आणि ती सुद्धा बऱ्याच अंशी हाडावर बसणाऱ्या धक्क्यातून आलेली. मधे थोडा वेळ गेला, मी डाव्या-उजव्या डोळ्याची पण तपासणी केली, कारण उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा जोरात असेल तरी नेम बाजूला जातो. दोन्ही हात समोर करून मधे फट ठेवून लांबच्या खांबाकडे बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. उजवाच निघाला, म्हणजे तो विषय संपला.

आता सरळ उत्तर काय, तर मॅडमना १-ए द्यायचं आणि मोकळं व्हायचं. माझं मन तर तिकडेच होतं, मी १-ए वरच शिकलेला माणूस. कागद पण तयार करायला घेतला. आणि कोतात ग्लॉक परत जमा करताना आप्पांनी पुसायला उलटं धरलं तेव्हा मला मुठीच्या मागे एक बारीक जोड दिसला. अशी रेघ सगळ्यांना नव्हती, चार-पाच पिस्तुलांनाच होती. ही चौथ्या जनरेशनची ग्लॉक. या जनरेशनपासून मुठीच्या मागे बदलता येणारी पट्टी येते, बॅकस्ट्रॅप म्हणतात, मधली आणि मोठी. पट्टी नसली की मूठ सगळ्यात लहान. मधली लावली की ट्रिगर २ मिलिमीटर लांब, मोठी लावली की ४. आमच्या या पिस्तुलाला मोठी पट्टी लावलेली होती. आधी ते ज्यांच्याकडे होतं ते साहेब सहा फुटी, त्यांनी कुणाकडून तरी लावून घेतली असणार आणि बदली झाल्यावर तशीच जमा केली. रजिस्टरमधे पिस्तुलाचा नंबर आहे, मॅगझीनचा आकडा आहे, पट्टीचा कॉलमच नाही. डबा शोधला तर कपाटाच्या वरच्या खणात, ब्रश, आखूड पिन, पिन काढायचं हत्यार आणि मधली पट्टी, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं. अनेक वर्षं. मी आर्मोरर, आणि मला माहीत होतं की अशा पट्ट्या येतात, माहीत असून बघितलं नाही, आणि हे कुणावर ढकलायला जागाच नाही.

४ मिलिमीटर म्हणजे किती, तर पाच रुपयांची दोनेक नाणी एकावर एक ठेवा तेवढंच. पण बोटाच्या टोकाच्या कडेवरून पेरावर यायला तेवढंच अंतर पुरतं.

पट्टी काढली, आखूड पिन बसवली, मॅडमच्या हातात दिलं. बेचकं वर, नळी रेषेत, बोट ट्रिगरवर. पेराचा भाग बसला. १-ए इतका मधोमध नाही, थोडा टोकाकडे, पण पकड न फिरवता बसला, आणि हेच पाहिजे होतं. पुढच्या रेंजला परत डमीचा खेळ, ८ पैकी ८ पुठ्ठ्यावर, ग्रुप, म्हणजे सगळे राऊंड लागले ती जागा, १-ए पेक्षा थोडा पसरलेला आणि थोडा वर, तो मुठीच्या कोनाचा भाग. डावीकडे खाली एकही नाही.

यानंतर आमची चक्क वादावादी झाली. मी म्हणत होतो मॅडम १-ए घ्या, ग्रुप बघा ना, आणि वजनामुळे धक्का पण कमी. त्यांचं म्हणणं वेगळंच. "उस्ताद, रेंजवर मी १० राऊंड मारते, कंबरेला मात्र रोज १२-१४ तास लावते. बंदोबस्तात, गाडीत, चढउतरात. आणि खरंच काढायची वेळ आली तर आधी घोडा चढवायचा, मग स्लाईड, हे माझ्या लक्षात राहील याची मला खात्री नाही. ग्लॉकला एकच काम." मी म्हटलं सेफ्टी नाही त्याला. त्या म्हणे म्हणून तर मला चांगलं होल्स्टर पाहिजे, ट्रिगर पूर्ण झाकणारं, हे ढगळं चामड्याचं नको. बरोबर होतं त्यांचं. ग्लॉकची खरी सेफ्टी होल्स्टर आणि बाहेर ठेवलेलं बोट. ते साफ करताना खोलायच्या आधी ट्रिगर दाबावाच लागतो, म्हणून चेंबर न बघता खोलायला घेतलं तर काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको, आम्ही तो नियम कोताच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून टाकला.

शेवटी मी जो कागद लिहिला त्यात दोन ओळी होत्या. ग्लॉक १७, बॅकस्ट्रॅपशिवाय, मॅडमच्या नावे. होल्स्टर कडक, ट्रिगर झाकणारं. १-ए साठी मी जी कारणं जमवली होती ती तशीच वहीत राहिली. नेम १-ए नं चांगला, हाताळणी ग्लॉकची सोपी, आणि ज्याच्या कंबरेला लागणार त्याचं मत उस्तादापेक्षा मोठं. अर्थात १-ए नसतं तर ग्लॉकचं दुखणं मला कधी सापडलंच नसतं, जुन्या पिस्तुलानं नव्याचं निदान केलं असं म्हणा.

पुढे दोन महिने रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाचा सराव, फोरसाईटजवळ स्लाईडवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबताना ते पडू द्यायचं नाही. ग्लॉकला त्यासाठी दर वेळी स्लाईड थोडी मागे ओढून परत चढवावं लागतं, कटकट आहे, पण त्यातून स्लाईड ओढायचा सराव फुकटात होतो. वार्षिक फायरिंगला मॅडम युनिटमधे पहिल्या पाचात होत्या. पहिल्या नव्हत्या, पहिले आप्पाच, त्यांच्या त्या चावऱ्या १-ए नं.

ज्यांच्याकडे लायसन्सचं हत्यार आहे त्यांना पण हे लागू आहे. ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, साध्या माणसाला मिळत नाही, पण जळगावचे सराफ, सावदा-रावेरकडचे केळीचे व्यापारी, बऱ्याच जणांकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असतं आणि घेताना बघितलं जातं ते फक्त चमक आणि किंमत. दुकानात रिकामं करून, दुकानदाराला विचारून, बेचकं वर बसवा आणि बोट कुठं येतं ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. रिव्हॉल्व्हरच्या डबल ॲक्शनचा, म्हणजे घोडा चढवायचं कामही ट्रिगरच करतो तेव्हाचा, ट्रिगर तर अजून लांब असतो, तिथं तर हे आधी बघा.

मी रिटायर व्हायच्या आधी रजिस्टरमधे एक कॉलम वाढवला, मागची पट्टी : नाही, मधली, मोठी. मॅडमची बदली झाली, पिस्तूल जमा झालं, आणि ते चोपड्याकडच्या एका नव्या पीएसआयला मिळालं, सव्वासहा फुटाचा गडी, पंजा फावड्यासारखा. त्यानं हातात घेतलं आणि म्हणाला, "उस्ताद, हे काय पोरांचं पिस्तूल दिलं का?" मी आप्पांकडे बघितलं. आप्पा काही न बोलता उठले आणि कपाटातून ती पिशवी घेऊन आले.